मोस्तारचा पूल आणि ‘लष्करी निकड’: वापरात असलेल्या वारशाला युद्धकाळात कायदा कितपत वाचवतो?

कमान (धागाकर्ता)

९ नोव्हेंबर १९९३ रोजी सकाळी सव्वादहाच्या सुमारास बोस्नियातील मोस्तार शहराचा जुना पूल नेरेत्वा नदीत कोसळला. बोस्नियातील क्रोएटांच्या सैन्याचा, म्हणजे एचव्हीओचा, एक रणगाडा आदल्या दिवशी दिवसभर त्यावर गोळे डागत होता. सुलतान सुलेमानच्या आज्ञेवरून मिमार हैरुद्दीन या वास्तुकाराने हा पूल एकाच कमानीत बांधला आणि तो १५६६ साली पुरा झाला. ‘मोस्तार’ हे गावाचे नावही पुलाच्या राखणदारांवरूनच पडलेले आहे. ४२७ वर्षे उभ्या असलेल्या या पुलाच्या नाशाबद्दल अखेर कोणालाही दोषी ठरवण्यात आले नाही. आरोपी सापडले नाहीत म्हणून असे झालेले नाही. आरोपी सापडले, हेगला नेले गेले आणि इतर अनेक गुन्ह्यांसाठी त्यांना १० ते २५ वर्षांच्या शिक्षाही झाल्या. पुलापुरते मात्र अपील न्यायासनाने २०१७ साली सांगितले की ज्या कलमाखाली आरोप ठेवला आहे त्या कलमाचा हा गुन्हा होत नाही. असे का म्हटले गेले, हे मांडून पाहण्यासाठी हा धागा काढत आहे. मी वकील नाही, निकालपत्रे वाचण्याची खोड तेवढी आहे. चूक दिसल्यास दुरुस्त करावी.

खटला पूर्वीच्या युगोस्लाव्हियासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे चालला. सहा आरोपींपैकी पहिला यादरान्को प्रलिच; त्याच्याच नावाने खटला ओळखला जातो. २९ मे २०१३ रोजी प्रथम न्यायासनाने बहुमताने निकाल दिला, आणि त्यातील पुलासंबंधीचा भाग दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी अशी की बोस्नियन सरकारी सैन्य या पुलावरून माणसे, अन्न आणि युद्धसाहित्य ने-आण करत होते, त्यामुळे हल्ल्याच्या वेळी पूल हे लष्करी लक्ष्य होते. दुसरी पायरी अशी की त्याच पुलावर उजव्या तीरावरील वेढ्यात सापडलेले मुस्लिम नागरिकही अवलंबून होते, पूल गेल्याने ते जवळजवळ पूर्णपणे तुटले, त्यांच्या मनावर झालेला आघातही मोठा होता, आणि ही हानी लष्करी लाभाच्या मानाने प्रमाणाबाहेर होती. म्हणून ‘लष्करी निकडीने समर्थनीय न ठरणारा बेबंद विध्वंस’ हा गुन्हा सिद्ध झाला, असे प्रथम न्यायासन म्हणाले.

अपील न्यायासनाने २९ नोव्हेंबर २०१७ रोजी यातील दुसरी पायरी काढून घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: पूल लष्करी लक्ष्य होता हे एकदा मान्य केले, की त्याच्या नाशाने निश्चित लष्करी लाभ होत होता हेही मान्य करावे लागते, आणि तसा लाभ होत असेल तर तो विध्वंस ‘लष्करी निकडीवाचून’ झाला असे म्हणता येत नाही. न्यायाधीश फाउस्तो पोकार यांनी यावर भिन्नमत नोंदवले. त्या दिवसाच्या बातम्यांत हा मुद्दा कोठेच दिसला नाही, कारण त्याच सुनावणीत स्लोबोदान प्राल्याक या आरोपीने न्यायालयातच विष घेतले आणि जगाने तेवढेच पाहिले. हा प्राल्याक एचव्हीओचा सरसेनानी होता आणि ज्या दिवशी पूल पडला त्याच दिवशी त्याने पदभार सोडला होता.

आता शेजारचे दुब्रोव्हनिक पाहा. ६ डिसेंबर १९९१ रोजी युगोस्लाव्ह लष्कराने या तटबंदीच्या जुन्या शहरावर तोफा डागल्या. शहर १९७९ पासून जागतिक वारसा यादीत होते, त्यातून सैन्य व शस्त्रे काढून घेण्यात आलेली होती, आणि युद्धकाळात वारसावास्तूंचे रक्षण व्हावे म्हणून झालेल्या १९५४ च्या हेग करारातील निळ्या ढालीचे चिन्ह असलेले ध्वज तटावर लावलेले होते. स्त्रुगारच्या खटल्यात न्यायासनाने ५२ इमारती व बांधकामांची हानी सिद्ध मानली. उप-नौसेनापती मिओद्राग योकिच याने गुन्हा कबूल केला आणि १८ मार्च २००४ रोजी त्याला ७ वर्षांची शिक्षा झाली. जनरल पाव्ले स्त्रुगार याला २००५ साली ८ वर्षांची झाली, ती अपिलात साडेसात वर्षांवर आली. येथे ऐतिहासिक स्मारकांच्या नाशासाठी असलेले स्वतंत्र उपकलम लावले गेले होते आणि ते सिद्ध झाले. मोस्तारच्या पुलाचा आरोप मात्र त्या उपकलमाखाली नव्हता. बेबंद विध्वंसाच्या सर्वसाधारण उपकलमाखाली होता. अभियोग पक्षाने हा मार्ग का निवडला, हे मला आजही कोडे वाटते, कारण त्या निवडीमुळे पुलाचे वय, त्याचा निर्माता, त्याची कीर्ती या सर्व गोष्टी कायद्याच्या दृष्टीने दुय्यम ठरल्या आणि तो नदीवरचा एक रस्ता उरला.

परंतु योग्य उपकलम लावले असते तर निकाल फिरला असता का, याचीही मला खात्री नाही. १९५४ च्या कराराचा चौथा अनुच्छेद वारसावास्तूवर हल्ला न करण्याचे बंधन घालतो आणि त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या परिच्छेदात ‘लष्करी निकडीने अनिवार्यपणे भाग पाडल्यास’ ते बंधन बाजूला ठेवण्याची मुभा देतो. दुब्रोव्हनिकचा तट सतराव्या शतकाआधीचा होता आणि १९९१ मध्ये त्याचा लढाईला काही उपयोग नव्हता, म्हणून कायदा तेथे खंबीरपणे उभा राहिला. मोस्तारचा पूल १५६६ मध्ये ज्यासाठी बांधला त्याच कामासाठी १९९३ मध्येही वापरला जात होता, आणि हेच त्याच्या विरोधात गेले. जी वास्तू आपले मूळ काम अजून करते आहे तिला हा कायदा सर्वांत कमी संरक्षण देतो, असे माझे मत झाले आहे. आपल्याला काय वाटते?

निवृत्त_सॅपर

लेख आवडला, निष्कर्ष मात्र एकांगी वाटला. माझी नोकरी पूल बांधण्याच्या आणि वेळ आली तर पाडण्याच्या शाखेत गेली. नदीच्या दोन्ही तीरांवर लढाई चालू असताना पुलावरून शत्रूची कुमक आणि दारूगोळा जात असेल, तर त्या पुलाचे वय किती आहे हा प्रश्न समोरच्या अधिकाऱ्याला पडणार नाही, आणि पडला तरी त्याच्या जवानांच्या जिवापुढे तो टिकणार नाही. कायद्याने अशक्य गोष्ट मागितली तर सैन्ये कायदाच बाजूला ठेवतील.

दुसरे म्हणजे आपण चौथ्या अनुच्छेदाचा दुसरा परिच्छेद सांगितला, पहिला अर्धाच सांगितला. पहिल्या परिच्छेदात दोन बंधने आहेत: वास्तूवर हल्ला करू नये, आणि ती वास्तू किंवा तिचा लगतचा परिसर, तिला धोका पोहोचेल अशा कामासाठी वापरूही नये. हे दुसरे बंधन वास्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर आहे. मोस्तारमध्ये पुलाचा वापर करणाऱ्या सैन्याविषयी कोणी बोलत नाही.

इटलीतील मोन्ते कासिनोचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी तेथील बेनेडिक्टिन मठ जमीनदोस्त केला तेव्हा आत जर्मन सैन्य नव्हते, आश्रयाला आलेले नागरिक होते आणि मेले ते तेच. नंतर जर्मन छत्रीधारी सैनिक त्या ढिगाऱ्यात शिरले, कारण पडक्या भिंतींइतका चांगला मोर्चा दुसरा नसतो, आणि ती टेकडी पोलिश तुकड्यांच्या हाती पडायला १८ मे उजाडला. तेथे निकड नव्हती, समज चुकीची होती. मोस्तारमध्ये निकड खरी होती. दोन्ही एकाच तागडीत घालू नयेत.

कमान

वापर न करण्याचे बंधन मी गाळले हे खरे, आणि ते गाळायला नको होते. तरीही वेढ्यातील शहराला ते कसे लावायचे? मोस्तारचे इतर पूल १९९२ मध्येच युगोस्लाव्ह लष्कराने उडवले होते. उरलेल्या या एका पुलावर लोकांनी गोळ्यांपासून बचाव म्हणून जुने टायर आणि फळ्यांचे छप्पर बांधले होते. त्या स्थितीत ‘पूल वापरू नका’ असे सांगणे म्हणजे उजव्या तीरावरच्या माणसांना उपाशी राहा असे सांगणे होय. ज्याच्याकडे पर्याय आहे त्याच्यासाठी लिहिलेला नियम, पर्याय नसलेल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जाऊ नये.

आणि पर्यायाचा प्रश्न हल्ला करणाऱ्यालाही विचारता येतो. १९५४ च्या कराराला जोडलेल्या १९९९ च्या दुसऱ्या प्रोटोकॉलने, म्हणजे पूरक कराराने, ‘लष्करी निकड’ या शब्दांना प्रथमच काठ घातला. त्याच्या सहाव्या अनुच्छेदानुसार निकडीचा आधार घ्यायचा असेल तर दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: वास्तू आपल्या कार्यामुळे लष्करी लक्ष्य बनलेली असावी, आणि तेवढाच लष्करी लाभ मिळवून देणारा दुसरा कोणताही व्यवहार्य मार्ग उपलब्ध नसावा. त्यापुढे हल्ल्याचा निर्णय कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने घ्यावा आणि परिस्थिती परवानगी देईल तेव्हा आगाऊ इशारा द्यावा, हेही त्यात आहे. हा प्रोटोकॉल २००४ मध्ये अमलात आला, म्हणजे पुलाच्या कामी तो आलाच नाही. पण त्यातील दुसरी अट १९९३ मध्ये लागू असती तर पुलाच्या दोन्ही टोकांवर मारा ठेवून वाहतूक रोखता आली नसती का, असा प्रश्न न्यायालयाला विचारावा लागला असता. अपील न्यायासनाच्या तर्कात हा प्रश्न उद्भवतच नाही.

निवृत्त_सॅपर

टोकांवर सतत मारा ठेवणे म्हणजे ये-जा करणाऱ्या नागरिकांवरही मारा ठेवणे. आपण पूल वाचवाल आणि माणसे माराल.

कमान

हा मुद्दा मान्य आहे, आणि त्यावर माझ्याकडे सोपे उत्तर नाही.

बखरवाचक

‘निकड’ या शब्दाचा इतिहास येथे उपयोगी पडेल. अमेरिकन यादवी युद्धात १८६३ साली सैन्यासाठी काढलेल्या नियमांत, म्हणजे लीबर संहितेत, कलाकृती, ग्रंथालये, संग्रह यांना इजा होऊ देऊ नये असे होते. १९०७ च्या हेग नियमांच्या सत्ताविसाव्या कलमाने वेढा व भडिमार चालू असताना धर्म, कला, विज्ञान यांना वाहिलेल्या इमारती आणि ऐतिहासिक स्मारके ‘शक्य तितकी’ वाचवावीत, मात्र त्या वेळी त्यांचा लष्करी वापर होत नसावा, असे म्हटले. म्हणजे मोस्तारची अडचण १९०७ मध्येच लिहून ठेवलेली होती. त्या ‘शक्य तितक्या’ची किंमत ऑगस्ट १९१४ मध्ये बेल्जियममधील लूव्हँ विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मोजली, जर्मन सैन्याने ते जाळले आणि व्हर्सायच्या तहात जर्मनीने त्या विद्यापीठाला ग्रंथ व हस्तलिखिते पुरवावीत असे स्वतंत्र कलमच घालावे लागले.

सॅपर साहेबांनी मोन्ते कासिनोचा उल्लेख केला म्हणून आठवले. मठ पाडण्याच्या सुमारे सात आठवडे आधी, २९ डिसेंबर १९४३ रोजी, जनरल आयझेनहॉवर यांनी इटलीतील सर्व सेनापतींना एक आदेशपत्र पाठवले होते. प्रसिद्ध इमारत आणि आपले जवान यांतून निवड करायची वेळ आली तर जवानांचे प्राण अनंतपटीने मोलाचे आणि इमारतीला जावे लागेल, असे त्यात स्पष्ट होते. परंतु लगेच पुढे त्यांनी बजावले की ‘लष्करी निकड’ हे शब्द कधी कधी अशा ठिकाणी वापरले जातात, जेथे ‘लष्करी सोय’ किंवा अगदी ‘वैयक्तिक सोय’ म्हणणे अधिक खरे ठरेल. निकड आणि सोय यांतील हा फरक कायद्याने करावा, इतकीच या धाग्याची मागणी आहे असे मला वाटते. गंमत अशी की १९५४ च्या परिषदेत निकडीची पळवाट ठेवावी म्हणून आग्रह धरणाऱ्यांत अमेरिका आणि ब्रिटन होते. हवी ती पळवाट मिळूनही अमेरिकेने करार मान्य केला तो २००९ मध्ये आणि ब्रिटनने २०१७ मध्ये.

वाळवंटी

युरोपच्या बाहेर पडू या. मालीमधील टिंबक्टू येथे जून-जुलै २०१२ मध्ये सशस्त्र गटांनी सुफी संतांच्या कबरींवरील मातीच्या वास्तू कुदळी आणि फावड्यांनी पाडल्या, सिदी याह्या मशिदीचा वर्षानुवर्षे बंद ठेवलेला दरवाजा उखडला. या कामावर देखरेख करणारा अहमद अल-फकी अल-महदी हा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे केवळ वारसास्थळांवरील हल्ल्यासाठी उभा राहिलेला पहिला आरोपी. त्याने गुन्हा कबूल केला आणि २७ सप्टेंबर २०१६ रोजी त्याला ९ वर्षांची शिक्षा झाली. पुढे ती दोन वर्षांनी कमी करण्यात आली. दहा स्थळांपैकी नऊ जागतिक वारसा यादीतील होती.

कमान यांच्या मताला यातून थोडा छेद जातो. टिंबक्टूच्या कबरी वापरातून गेलेल्या नव्हत्या. लोक तेथे रोज प्रार्थनेला जात, दरवर्षी हाताने लिंपण करत. त्या पाडल्या गेल्या त्याही याच श्रद्धेमुळे. निकालपत्रात असाही तपशील आहे की प्रथम खुद्द अल-महदीनेच कबरी पाडू नयेत असा सल्ला दिला होता, कारण शहरातील लोकांशी संबंध बिघडतील अशी त्याला भीती होती. म्हणजे वास्तू जिवंत असूनही कायद्याने तिची बाजू घेतली. फरक वापराचा नाही, लष्करी वापराचा आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. उत्तर मालीत त्याच काळात लोकांना फटके मारले गेले, स्त्रियांवर अत्याचार झाले. अल-महदीवर मात्र त्यांतला एकही आरोप नव्हता, आणि यावर मानवाधिकार संघटनांनी तेव्हाच टीका केली होती. विटामातीला न्याय आधी मिळाला.

निवृत्त_सॅपर

टिंबक्टूत समोर शत्रूच नव्हता, त्यामुळे निकडीचा बचाव घेण्याचा प्रश्नच नव्हता. कायद्याची परीक्षा तेथे झाली असे म्हणता येणार नाही. परीक्षा मोस्तारमध्येच झाली.

फोर्टकर

मुंबईकर म्हणून हा धागा वाचताना सारखे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे लक्ष जात होते. १९५४ च्या कराराच्या आठव्या अनुच्छेदात ‘विशेष संरक्षण’ नावाची वरची श्रेणी आहे. ती मिळण्यासाठी वास्तू मोठ्या औद्योगिक केंद्रापासून किंवा महत्त्वाच्या लष्करी लक्ष्यापासून पुरेशा अंतरावर असावी लागते, आणि अशा लक्ष्यांची उदाहरणे देताना करार विमानतळ, नभोवाणी केंद्र, बंदर आणि ‘बऱ्यापैकी महत्त्वाचे रेल्वे स्थानक’ अशी नावे घेतो. आता आमचे टर्मिनस २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि ते स्वतःच रेल्वे स्थानक आहे. स्वतःपासून पुरेशा अंतरावर ते कसे राहणार? फोर्टातील व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींचा समूह २०१८ मध्ये यादीत आला. त्याच्या एका अंगाला नौदलाची गोदी आहे आणि दुसऱ्या अंगाला चालते बंदर.

ताजमहालाचीही गत निराळी नाही. १९७१ च्या युद्धात तो हिरव्या कापडाने झाकला होता हे सर्वांना ठाऊक आहे, पण झाकावा लागला याचे कारण आग्र्याचा हवाई तळ आहे. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमाने आग्र्यापर्यंत आली ती त्या तळासाठी. म्हणजे आठव्या अनुच्छेदाची कसोटी लावली तर ताजही अडखळतो. ही कसोटी पार करणार कोण? १९६० मध्ये नोंदले गेलेले व्हॅटिकन शहर आणि जर्मनीतील ओबेररीड येथील डोंगरातला बोगदा, ज्यात सूक्ष्मचित्रफितींवर उतरवलेली कागदपत्रे पिंपांत बंद करून ठेवली आहेत. त्या नोंदवहीत इतकी वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच नोंदी राहिल्या, यात नवल नाही. गावे नद्यांच्या, बंदरांच्या, रस्त्यांच्या काठी वसतात, आणि वारसा गावांत असतो.

युक्रेनमधील ओडेसाचे जुने शहर जानेवारी २०२३ मध्ये यादीत आले आणि त्याच वर्षी २३ जुलैला तेथील रूपांतरण कॅथेड्रलवर क्षेपणास्त्र पडले. ओडेसा हेही बंदरच.

प्रश्न असा: भारत या करारांत नेमका कोठे आहे?

कमान

फोर्टकर, आठव्या अनुच्छेदाचे आपण दिलेले उदाहरण माझ्या मूळ लेखात असायला हवे होते. एक पुस्ती जोडतो. त्याच अनुच्छेदात असाही मार्ग ठेवला आहे की युद्ध झाल्यास त्या लक्ष्याचा वापर करणार नाही, आणि बंदर, स्थानक किंवा विमानतळ असल्यास सर्व वाहतूक तेथून दुसरीकडे वळवू, अशी हमी देशाने दिली तर वास्तूला विशेष संरक्षण मिळू शकते. ही वाहतूक वळवण्याची तयारी शांततेच्या काळातच करून ठेवावी, असेही करार सांगतो. मध्य रेल्वेच्या गाड्या दादरला थांबवण्याची योजना, कराराच्या भाषेत.

भारताबद्दल. १९५४ चा करार आणि त्याचा पहिला प्रोटोकॉल भारताने १६ जून १९५८ रोजी मान्य केला. अमेरिकेच्या अर्धशतक आधी. १९९९ च्या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये भारत नाही. जिनीव्हा करारांच्या १९७७ च्या अतिरिक्त प्रोटोकॉलांत, ज्यांत वारशाविषयी स्वतंत्र कलमे आहेत, भारत नाही, आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीतही नाही. परिणाम असा की आपल्याला लागू असलेला लेखी नियम १९५४ चा, त्यातील निकडीच्या पळवाटेसकट, आणि त्या निकडीला काठ घालणारा १९९९ चा मजकूर आपल्याला लागू नाही.

देशातल्या कायद्याचे बोलायचे तर १९५८ च्या प्राचीन स्मारके अधिनियमात संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्याला, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तो कायदा भिंतीवर नाव कोरणाऱ्यासाठी आहे. हेग कराराचा अठ्ठाविसावा अनुच्छेद सांगतो की कराराचा भंग करणाऱ्याला, तो कोणत्याही राष्ट्राचा असो, आपल्या फौजदारी कायद्याखाली शिक्षा करता यावी अशी व्यवस्था प्रत्येक देशाने करावी. आपण १९६० मध्ये जिनीव्हा करारांसाठी स्वतंत्र अधिनियम केला. हेगच्या वारसा करारासाठी तसाच एक करायला हवा होता.

दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये ‘वर्धित संरक्षण’ नावाची नवी श्रेणी आहे आणि तिच्यात अंतराची अट काढून टाकली आहे, हे येथे मुद्दाम सांगतो. वास्तू मानवजातीसाठी सर्वोच्च महत्त्वाची असावी, देशातील कायद्याने तिला पुरेसे संरक्षण असावे, आणि ती लष्करी कामासाठी किंवा लष्करी ठिकाणांची आड म्हणून वापरली जाणार नाही असे लेखी जाहीर करावे, एवढ्या तीन अटी आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये युक्रेनमधील २० आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये लेबनॉनमधील ३४ स्थळांना ते तातडीने, तात्पुरत्या स्वरूपात दिले गेले. टर्मिनसला ते मिळू शकेल का? तिसरी अट पाहा. सैनिकांच्या खास गाड्या तेथून सुटणार नाहीत, असे लिहून द्यावे लागेल.

बखरवाचक

थोडे आपल्याकडचे सांगतो, विषय सोडून नाही. कोणी तरी ‘हे सर्व नियम पाश्चात्त्यांचे’ असे लिहिण्याआधी खाफीखानाची साक्ष काढावी म्हणतो. शिवाजी महाराजांबद्दल अपशब्द वापरताना ज्याची लेखणी अडखळत नाही, त्या मुघल इतिहासकाराने नोंदवले आहे की लुटीला गेलेल्या सैन्याने मशिदीला, कुराणाला आणि स्त्रियांना उपद्रव देऊ नये असा महाराजांचा नियम होता. शत्रूने दिलेली साक्ष म्हणून तिचे वजन मोठे आहे.

पण मग शृंगेरीही सांगावी लागते. १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या म्हैसूर मोहिमेत सैन्याबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला, माणसे मारली, शारदेची मूर्ती हलवली. स्वामींनी मदत मागितली ती टिपू सुलतानाकडे, आणि मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी त्याने पैसे व साहित्य पाठवले. तो पत्रव्यवहार १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याला मठात सापडला. आपल्याकडे हा प्रसंग पेंढाऱ्यांच्या माथी मारून मोकळे होण्याची पद्धत आहे. आजच्या कायद्याच्या भाषेत तो बचाव टिकत नाही. दुब्रोव्हनिकच्या योकिचने स्वतः तोफ डागली नव्हती. हाताखालच्यांना रोखले नाही आणि नंतर शिक्षाही केली नाही, ही जबाबदारीही त्याने कबूल केली होती. पेंढारी ज्याच्या छावणीबरोबर चालतात, त्याच्याकडेच जबाब मागायचा.

निवृत्त_सॅपर

याच्याशी पूर्ण सहमत. कराराच्या सातव्या अनुच्छेदात सैनिकी नियमावलीत आणि प्रशिक्षणात हा विषय शांततेच्या काळातच घालावा असे आहे ना? माझ्या मते चौथ्या अनुच्छेदापेक्षा तो सातवा अधिक कामाचा आहे. नकाशावर ज्या जागेवर आधीच खूण असते, तिच्यावर गोळा डागण्यापूर्वी तोफखान्याचा अधिकारी एकदा तरी वर विचारतो. खूण नसेल तर विचारत नाही. न्यायालय येते चौदा-पंधरा वर्षांनी.

तळटीप

एका गोष्टीचा उल्लेख कोणी केला नाही. आज मोस्तारला जाणारा प्रवासी जो पूल पाहतो, ज्यावरून तरुण नदीत सूर मारतात, तो २३ जुलै २००४ रोजी खुला झालेला नवा पूल आहे. स्थानिक तेनेलिया दगड, जुनी घडणपद्धत, तीच कमान, पण नवा. २००५ मध्ये युनेस्कोने तो परिसर यादीत घेतला तेव्हा वास्तुकलेचा नमुना म्हणून घेतला नाही. केवळ सहाव्या निकषाखाली, म्हणजे समेटाचे आणि सहजीवनाचे प्रतीक म्हणून घेतला. योकिचला शिक्षा सुनावताना न्यायासनाने असे निरीक्षण नोंदवले होते की इमारती दुरुस्त करता आल्या तरी मूळ, अस्सल साहित्याचा काही भाग कायमचा नष्ट होतो आणि वास्तूचे मूल्य त्यामुळे घटतेच. हे वाक्य दुब्रोव्हनिकसाठी लिहिले गेले, लागू मोस्तारला अधिक पडते.

टिंबक्टूच्या कबरी मात्र पिढीजात गवंड्यांच्या घराण्यांनी २०१४-१५ मध्ये पुन्हा उभ्या केल्या, आणि त्यांना कोणी ‘नव्या’ म्हणत नाही. जी वास्तू दरवर्षी लिंपूनच उभी राहते तिच्या बाबतीत ‘मूळ साहित्य’ म्हणजे काय, हा प्रश्नच वेगळा होतो. दगडी वारसा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या कायद्याला मातीचा वारसा नीट कळतो का, याची मला शंका आहे.

कमान

तळटीप, भरपाईच्या हिशेबातही ही दोन प्रकरणे निरनिराळी झाली. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला पीडितांना भरपाई देवविण्याचा अधिकार आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी त्याने अल-महदीची जबाबदारी २७ लाख युरो ठरवली, त्यात इमारतींसोबत टिंबक्टूच्या लोकांचे आर्थिक नुकसान आणि मनस्तापही धरला, आणि माली देश व जागतिक समुदाय यांना प्रत्येकी एक युरो प्रतीकात्मक भरपाई दिली. आरोपी कफल्लक असल्याने पीडितांसाठीच्या विश्वस्त निधीवर भार आला, तो भाग निराळा. युगोस्लाव्हियाच्या न्यायाधिकरणाकडे हा अधिकार नव्हता आणि पुलाच्या बाबतीत तर अखेर दोषीच उरला नाही.

नेरेत्वेच्या तळातून हंगेरियन लष्कराच्या पाणबुड्यांनी जुन्या कमानीचे दगड वर काढले, पण ते पुन्हा कमानीत बसवण्याजोगे राहिले नव्हते. नव्या पुलासाठी जागतिक बँकेचे कर्ज घेतले गेले आणि इटली, नेदरलँड्स, तुर्कस्तान यांनी देणग्या दिल्या. देणगीदारांच्या यादीत क्रोएशियाही आहे.